पासंगाचे दोन गुण

संगीतशाळेच्या जिन्याखाली एक तिरकी खोली आहे. तिच्यात ताठ उभं राहायचं असेल तर दाराशीच उभं राहावं लागतं. जसजसं आत जावं तसतसं छत माणसाला वाकायला लावतं, आणि अगदी शेवटी, जिथे फक्त बसताच येतं, तिथे सरसमामा गेली एकतीस वर्षं बसलेले आहेत. डोक्यावरून दिवसभर पोरं जिना चढतात-उतरतात. कुणाचा पाय कुठल्या पायरीवर कसा पडला यावरून मामा त्या पोराचा आजचा धडा कसा झाला ते ओळखतात, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

मामांचं काम व्हायोलिनं दुरुस्त करायचं. सुटलेले सांधे चिकटवायचे, झिजलेल्या खुंट्या बदलायच्या, तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात ती घोडी सरळ करायची, गजाला नवे केस घालायचे. चिकटवायला सरस. जुने सुतार वापरायचे तोच, कातडी आणि हाडं उकळून केलेला. मामांच्या शेगडीवर तो दिवसभर भांड्यात भांडं ठेवून गरम होत असतो आणि त्याच्या वासाची कीर्ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेली आहे. नवी मुलं पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून येतात. सहा महिन्यांत त्यांना तो वास येईनासा होतो आणि मग त्यांच्या आया त्यांना घराच्या दारातच कपडे बदलायला लावतात. मामांचं नाव त्या वासावरूनच पडलं. खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते वाचून मामांना स्वतःलाच क्षणभर वाटतं, हा कोण नवा माणूस लागला?

"मामा, बाजारात आता इतके चांगले डिंक मिळतात. एकदा लावला की जन्मात सुटत नाही," असं दरवर्षी कुणीतरी शहाणं पोर सांगतं.

"म्हणूनच नको," मामा म्हणतात. "उद्या माझीच चूक निघाली तर उघडू कसं?"

रस्त्यापलीकडे मामींचं दुकान. कपडे शिवण्यापेक्षा शिवलेले कपडे माणसांना होतील असे करून देणं हा त्यांचा धंदा. माणसं जाड होतात, बारीक होतात, आणि दोन्ही वेळा दोष कपड्याला देतात, यावर मामींचं घर चालतं. त्यांच्या तोंडात कायम पाच-सहा टाचण्या असतात. टाचण्या न काढता त्या गिऱ्हाइकाशी बोलतात, नवऱ्यावर रागावतात, रेडिओबरोबर गुणगुणतात. तोंडातून टाचण्या काढून, एकेक उशीत खोचून मग मामी बोलल्या, तर समजावं की प्रकरण गंभीर आहे. एकतीस वर्षांच्या संसारात हे चारदा झालं, आणि चारही वेळा मामांनी निमूट ऐकलं.

या दोघांना एक लेक. शाळेतच दुसऱ्या वर्षाला आहे आणि व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जरा अंगानं भरलेली, जरा खालच्या आवाजात बोलणारी, आणि थोरल्या बहिणींचं जे घरात होतं तेच तिचं वाद्यवृंदात होतं. काम तिनं करायचं, कौतुक धाकटीचं. शाळेत या लेकीला सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. ती लहानपणापासूनच तशी. संत्रं वाटायचं झालं तर फोडी मोजायची, एक उरली तर तिचेही दोन भाग करायची, आणि त्यातला बारका भाग स्वतःला घ्यायची. सहा वर्षांची असताना मामींच्या दुकानात चिंध्यांच्या बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळत होती. शेजारच्या मुलीच्या बाहुल्या पास झाल्या, हिची नापास.

"अगं, तुझी बाहुली का नापास?" मामांनी विचारलं होतं.

"ती माझी आहे ना," फूटपट्टी म्हणाली. "मला ती आवडते. म्हणून कमी करावे लागतात."

मामा तेव्हा पोट धरून हसले होते. जो येईल त्याला वर्षभर सांगत होते.

आता मामांच्या आयुष्यातली एक नाजूक गोष्ट. एकतीस वर्षं दुसऱ्यांची व्हायोलिनं उघडली आणि बंद केली, पण स्वतःचं म्हणून त्यांनी एकच केलं. सात वर्षं लागली. शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास, घरच्या जेवणाच्या टेबलावर. मामी त्याला 'माझी सवत' म्हणायच्या. "सवतीला जरा सरकवा, ताट ठेवायचंय," असं म्हणत त्यांनी ती सात वर्षं काढली. फूटपट्टीनं पाढे पाठ केले ते त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडाचा भुसा वहीतून फुंकून टाकत.

व्हायोलिन झालं. आता ते कसं झालं, हे कुणी सांगावं? शाळेतले शिक्षक म्हणाले, "वा मामा, छानच." पण त्या शिक्षकांच्या खुंट्या मामांच्याच हातात होत्या, त्यामुळे त्यांचं मत धरण्यात अर्थ नव्हता. मामी म्हणाल्या, "फार सुंदर," पण त्यांना टेबल हवं होतं. खोटं न बोलणारं माणूस घरात एकच होतं. मामांनी एकदा धीर करून लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला नका विचारू. ते आपलं आहे."

झालं. विषय तिथेच मिटला. म्हणजे वरून मिटला. आत मामांना तो कुसळासारखा टोचत राहिला.

ते व्हायोलिन गेली तीन वर्षं लेकीच्या मैत्रिणीच्या हातात आहे. या मैत्रिणीला सगळे 'खार' म्हणतात, कारण तिच्या खिशात सतत भाजलेले शेंगदाणे असतात आणि ती एका जागी बसत नाही. मामांच्या घरी ती निम्मी राहतेच. मामींनी तिचे दोन फ्रॉक मोठे करून दिलेत, एक लहान. "तुझ्या हाताला शोभतंय, तुझ्याकडेच राहू दे," असं मामांनी सांगितलं तेव्हापासून खार ते पोटच्या पोरासारखं जपते. त्या व्हायोलिनला एकच खोड होती. सगळ्यात खालची तार जरा नाकात बोलायची, सर्दी झालेल्या माणसासारखी. खार त्या तारेवरून झोपलेल्या माणसाला ओलांडावं तशी पटकन पलीकडे जायची.

तर यंदाची व्हायोलिनची स्पर्धा.

स्पर्धेत दरवर्षी दोन बक्षिसं असतात. एक शिक्षकांचं, एक विद्यार्थ्यांचं. विद्यार्थ्यांच्या बक्षिसासाठी पाच विद्यार्थी परीक्षक बसतात, आणि ज्याला ते निवडतील त्याला वर्षअखेरीस शाळेच्या वाद्यवृंदापुढे उभं राहून एकट्यानं वाजवायला मिळतं. पदकापेक्षा पोरांना याचंच अप्रूप. परीक्षकांत व्हायोलिनवाल्यांना घेत नाहीत, कारण दोन व्हायोलिनवाले एका बाकावर बसले की तिसऱ्याला दहापैकी दीड गुण मिळतात. गेल्या वर्षी या पाचांनी ज्या मुलाला निवडलं त्याचे केस अतिशय सुंदर होते. वाजवणं केसांच्या मानानं कमी पडलं. वाद्यवृंदापुढे तो तिसऱ्या मिनिटाला चुकला, पण केस शेवटपर्यंत टिकले. त्यामुळे यंदा मुख्याध्यापकांनी पडदा लावायचा ठरवला. वाजवणारा पडद्याआड, परीक्षक पलीकडे. नावं नाहीत, चिठ्ठ्या टाकून काढलेले नंबर. पायांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून गालिचा. पडदा शिवायचं काम मामींकडे आलं. त्यांनी जाड तपकिरी कापडाचा, दुहेरी, पदराला शिसं घातलेला असा पडदा शिवला की त्यातून वारासुद्धा नंबर घेऊनच आला असता.

नियम एकच कडक होता. पडद्याआडून वाजवणारा कोण हे परीक्षकाला ओळखू आलं, तर त्यानं गुणांच्या रकान्यात फुली मारायची. त्याचे गुण त्या नंबरापुरते धरायचे नाहीत.

पाच परीक्षक म्हणजे ढोल, बासरी, चेलो, पियानो आणि फूटपट्टी. शाळेत वाद्यावरून माणूस ओळखायची पद्धत आहे. ढोल हा तालवाद्यं शिकणारा मुलगा अंगानंही वाद्याला साजेसा, आणि हाताखाली जे येईल ते वाजवणारा. बासरी ही बारीक, सरळ आणि तोंडानं तिखट. या सगळ्यांवर देखरेखीला शाळेच्या कारकून बाई. नोंदवहीवर त्यांचा इतका जीव की शाळेत त्यांना नोंदबाईच म्हणतात.

मामांची जागा पडद्याच्या आड, वाजवणाऱ्यांच्या बाजूला. एक स्टूल, हत्यारांची पेटी, शेगडी नाही, कारण मुख्याध्यापकांनी हात जोडले होते. मामींची जागा त्यांच्या शेजारी, पडद्याला कुणाचा पाय लागून शिवण सुटली तर म्हणून. पडद्याच्या आणि भिंतीच्या मध्ये बोटभर फट होती. त्या फटीतून मामांना परीक्षकांचं बाक दिसत होतं आणि बाकाच्या टोकाला ताठ बसलेली लेक.

तीन नंबर वाजवत होता, तेव्हा आतल्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. चार नंबर तिचा. लांबच्या गावाहून रात्रभर बसचा प्रवास करून आलेली, ओळखीचं कुणी नाही. तिनं व्हायोलिन मामांपुढे धरलं आणि हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

मामांना पाहावंही लागलं नाही. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या पायाखाली, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक अशी एक काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते. वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर नुसती उभी. प्रवासात धक्के बसले, तारा सैल झाल्या की पडते, आणि ती पडली की वाद्याचा आवाज जातो.

"किती वेळ लागेल, काका?" मुलीनं कुजबुजत विचारलं.

"काडी उभी करायला वीस मिनिटं. तारा पुन्हा सुरात राहायला उद्या सकाळ."

मुलगी व्हायोलिन छातीशी धरून उभी राहिली. तीन नंबरचं शेवटचं पान सुरू झालं होतं.

कोपऱ्यात खार बसली होती. तिचा नंबर नऊ. शेंगदाणे चावायचे थांबले. ती उठली, स्वतःचं व्हायोलिन उचललं आणि मामांकडे पाहिलं.

"मामा, देऊ?"

"तुझ्याकडे आहे ते. तू ठरव."

खारीनं ते मुलीच्या हातात दिलं. "खालच्या तारेला जरा सर्दी आहे," ती कुजबुजली, "तिच्या फार वाटेला जाऊ नको."

पण मुलीचं लक्ष नव्हतं. ती गजावर राळ घासत होती आणि दुसऱ्या हाताची बोटं अनोळखी व्हायोलिनच्या मानेवर फिरवून अंतरं मोजत होती. तेवढ्यात घंटा झाली.

मामांनी तिचं आजारी व्हायोलिन मांडीवर घेतलं, वाकडी आकडी त्याच्या पोटात घातली, आणि काडी पकडली. पडद्याशी गज तारेला लागला आणि मामांची आकडी तिथेच राहिली.

त्या मुलीला सर्दीची खबर पोचलेलीच नव्हती. ती थेट खालच्या तारेवर गेली आणि तिथे मुक्काम केला. ती नाकातली तार आधी खरखरली, मग कुरकुरली, आणि मग मामांनी तीन वर्षांत न ऐकलेल्या आवाजात बोलायला लागली. जड, जरा बसलेल्या घशाची, पण सगळं सहन करून झालेल्या माणसासारखी. सात वर्षं जेवणाच्या टेबलावर जे लाकूड मुकाट पडून होतं ते हेच का, असं मामांना वाटलं. मामींनी शिवणातून मान वर केली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्या नुसतं भुवयांनी म्हणाल्या, "ही आपली सवत?"

मामांनी मान डोलावली आणि फटीतून लेकीकडे पाहिलं. लेक मान खाली घालून भराभरा लिहीत होती. सूर संपायच्या आतच तिनं गुणांचा कागद पालथा घातला. किती बारकाईनं ऐकतेय, मामांना वाटलं. या आनंदात वाद्य बदलल्याचं नोंदबाईंना कळवायला हवं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मुलीनं व्हायोलिन खारीला परत दिलं. पाच, सहा, सात, आठ झाले. सहा नंबरनं पडद्यावर पाय दिला आणि मामींना काम मिळालं. मग नऊ नंबर, म्हणजे खार. चांगली वाजवते ती, झऱ्यासारखी. मामा काडी उभी करून तारा चढवत होते. सहज फटीतून पाहिलं तर लेकीची पेन्सिल हवेत थांबलेली, आणि चेहरा पांढरा. मामांना वाटलं, सकाळी पोरीनं काही खाल्लं नाही.

दहा नंबर झाल्यावर परीक्षक शेजारच्या खोलीत गेले. नोंदबाईंनी बेरजा करून फळ्यावर मांडल्या. आता पंधरा मिनिटांत पाचांनी कागदावर सह्या करायच्या आणि निकाल जाहीर. त्या पंधरा मिनिटांतली दोन संपायच्या आत लेक मामांच्या स्टुलाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? चार नंबरला तुमचं व्हायोलिन कोण वाजवत होतं?"

"तुला कळलं?" मामा खूश झाले. "अगं, ती लांबून आलेली मुलगी. तिची काडी पडली, म्हणून खारीनं..."

लेक पडद्याच्या गुंडाळीवर मटकन बसली.

"मला वाटलं खार आहे," ती म्हणाली. "पहिल्याच सुराला ओळखलं. वाद्य एकच आहे ना जगात तसलं. मग वाटलं, आज ही खालच्या तारेवर इतकी कशी थांबतेय? इतकं चांगलं कसं वाटतंय? म्हणजे माझ्याच कानात खोट आहे. आपलं व्हायोलिन, आपली खार, म्हणून चांगलं वाटतंय."

"मग फुली मारायचीस."

"फुली मारली असती तर बाकीच्या चौघांना कळलं नसतं का कोण आहे ते? मला कानांनी ओळखू येईल अशी स्पर्धेत दुसरी आहे कोण? म्हणून मी पासंग काढला. एक पारडं जड असलं की दुसऱ्यात खडा ठेवतात ना, तसा. नऊ द्यायचे होते, दोन काढले. सात दिले."

"आणि नऊ नंबरला?"

"तेव्हा कळलं की खार ही आहे. मी इतकी गडबडले की काही काढलं नाही, काही घातलं नाही. जे वाटलं ते दिलं. नऊ." तिनं गुडघ्यांवर हनुवटी टेकली. "फळ्यावर नऊ नंबरचे त्रेचाळीस झालेत, बाबा. चार नंबरचे बेचाळीस."

मामांनी मनात बेरीज केली. ती बेरीज करायला हुशारी लागत नव्हती. लेकीनं मैत्रिणीला झुकतं माप जाऊ नये म्हणून जो खडा ठेवला त्यानं मैत्रीण पहिली आली, आणि जिचा काही संबंध नाही ती मुलगी बाहेर व्हरांड्यात पाण्याची बाटली घेऊन एकटी बसलेली होती.

"कुणाला कळणार नाही," लेक म्हणाली. "सही केली की संपलं. खारीला वाद्यवृंद मिळेल. तिला किती वर्षं हवाय, तुम्हाला माहितीये." मग म्हणाली, "काय करू?"

एका बाजूला खार, दुसऱ्या बाजूला ते बसलेल्या घशाचं सुंदर दुखणं. मामांना आयुष्यात पहिल्यांदा लेकीचा तो बाहुलीचा प्रश्न कळला.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "व्हायोलिन माझं आहे. आईला विचार."

मामी जमिनीवर गुडघे टेकून सहा नंबरनं फाडलेला पदर शिवत होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तोंडातून एक टाचणी काढून उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी आणि पाचवीही उशीत गेली.

"उसव," मामी म्हणाल्या.

"आई, पण खार..."

"जिथे चुकली तिथपर्यंत उसव. खारीचं आपण बघू. ती काय कुठे पळून जात नाही." आणि टाचण्या परत तोंडात गेल्या.

लेक उठली. दाराशी थबकून म्हणाली, "बाबा, तुम्ही येता?" मामा हातातलं व्हायोलिन तसंच घेऊन निघाले. परीक्षकांच्या खोलीत बाहेरच्याला मज्जाव होता, म्हणून ते उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले आणि मान फक्त आत घातली. तिरक्या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे जमतं.

लेकीनं सगळं सांगितलं. बसून नाही, उभी राहून. ढोल बाकावर बोटांनी वाजवत होता तो हळूहळू थांबला.

"दोन गुण तू मुद्दाम कमी केलेस?" चेलोनं विचारलं.

"हो."

"आणि जिच्यासाठी केलेस ती ती नव्हतीच?"

"नाही."

"मग गप्प बसायचंस की. आता कुणाला कळलं असतं?"

"म्हणजे तू बसला असतास," बासरी म्हणाली. "कळलं. पुढच्या वर्षी तुला पडद्याआडच बसवू."

ढोल विचार करून म्हणाला, "म्हणजे नऊ नंबर तुझी..."

"नावं नकोत," नोंदबाई कडाडल्या.

"नाव कुठे घेतोय. म्हणजे आता नऊ नंबर दुसरी."

"हो," लेक म्हणाली, आणि तेवढंच म्हणताना तिचा आवाज व्हायोलाच्याही खाली गेला.

नोंदबाईंनी नोंदवही पुढे ओढली. "कागदावर खाडाखोड चालत नाही. साताचे नऊ करता येणार नाहीत."

"मला करायचेच नाहीत. फुली मारा. दोन्हीवर. ओळखलं तेव्हाच मारायला हवी होती."

"वाद्य बदललं याला साक्षीदार?"

दारातून आत आलेली मान म्हणाली, "मी."

"मामा," नोंदबाई म्हणाल्या, "मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मामांनी खरं ते सांगितलं. "ऐकत बसलो, बाई."

नोंदबाईंनी चष्मा सारखा केला. एवढ्या वर्षांत असं कारण त्यांच्या वहीत आलं नव्हतं, आणि रकानाही नव्हता. आता बाकीच्या चौघांपैकी कुणी ते वाद्य ओळखलं होतं का, हे तपासणं भाग होतं. म्हणून त्यांनी चार नंबरच्या कागदावरचे चौघांचे शेरे मोठ्यानं वाचायला घेतले.

पियानोचा शेरा होता, "डावा हात फार स्वच्छ." चेलोचा, "खालच्या तारेवर चेलोसारखं वाजवलं, त्यामुळे आवडलं." ढोलानं लिहिलं होतं, "वाद्याला सर्दी आहे. पण आमच्या आजोबांनाही होती, आणि ते सांगायचे त्या गोष्टी अशाच वाटायच्या." बासरीच्या कागदावर गुणांखाली एकच ओळ होती. "हे व्हायोलिन कुणी केलंय ते नंतर कुणीतरी मला सांगा."

दारातली मान हळूच बाहेर गेली. बाहेर मामा भिंतीला टेकून, त्या परक्या मुलीच्या व्हायोलिनची एक सुरात असलेली खुंटी उगीचच पिळत राहिले.

दोन फुल्या पडल्या. चौघांचे मिळून चार नंबरचे पस्तीस, नऊ नंबरचे चौतीस. सह्या झाल्या.

निकाल जाहीर व्हायच्या आधी खारीला सांगायला लेक स्वतः गेली. खार आतल्या खोलीत खिडकीवर चढून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. शेंगदाण्यांची पुडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"दोनच?" ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं वेळ आली तर तू माझे चार तरी कापशील."

"खारे, थट्टा नको ना."

"मग काय करू? मी कोपऱ्यात बसून तिचं वाजवणं ऐकलं. तीन वर्षं माझ्याजवळ झोपतं ते व्हायोलिन, आणि त्याला असं बोलता येतं हे मला एका शब्दानं सांगितलं नाही." तिचे डोळे भरले होते, ते तिनं फ्रॉकच्या बाहीनं पुसले. तो मामींनी मोठा केलेल्यांपैकी होता. "मला रडू येतंय ते वाद्यवृंदासाठी. तुझ्यामुळे नाही. समजलं? आता इथे बस, आणि दाणे खा, आणि पाच मिनिटं न्यायाचं काही बोलू नकोस."

लेक खिडकीवर चढली. त्या दोघी तशाच बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून, बाहेर लांबच्या गावच्या मुलीच्या नावाला टाळ्या पडेपर्यंत. खारीनं सगळ्यांत आधी खाली उडी मारली आणि सगळ्यांत जोरात वाजवल्या.

संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीत चौघं होते. मुलीनं जाताना मामांना वाकून विचारलं होतं, "काका, ती खालची तार कशी सापडली तुम्हाला?" मामांनी तिला तिचं व्हायोलिन देऊन सांगितलं होतं, "उद्या सकाळपर्यंत वाजवू नकोस," आणि प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, कारण त्यांना ते माहीत नव्हतं. आता शेगडी पेटली होती. सरस पुन्हा वास सोडू लागला होता. मामी छताच्या उताराखाली बसून पडद्याचं शिसं काढत होत्या. खार स्वतःच्या व्हायोलिनची खालची तार हळूहळू छेडून तिला बोलतं करायच्या नादात होती.

मामांनी बराच वेळ भांडं ढवळलं. मग पाठ न वळवता म्हणाले, "ए, फूटपट्टी. समजा तुला ते कुणाचं हे माहीतच नसतं. नुसतं वाद्य. तर किती दिले असतेस?"

खार तार छेडायची थांबली. दहा वर्षांपूर्वीचं, बाहुलीच्या वेळचं लेकीचं उत्तर सगळ्यांनाच पाठ होतं.

"साडेसात," लेक म्हणाली.

"अगं, बापाला आठ तरी," मामी टाचण्यांतून म्हणाल्या.

"आठ नाहीत, आई. वरच्या दोन तारा जरा पातळ आहेत. पण साडेसात आहेत."

मामींनी एक टाचणी काढली. एकच. "पासंग काढून, की ठेवून?"

"पासंग नाहीच."

मामा उठले. छताचा विसर पडून उठले, त्यामुळे डोकं दणकन आपटलं, आणि वरून जिना उतरणारा कुणीतरी दचकून थांबला. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "साडेसात," ते डोकं चोळत म्हणाले. मग जरा वेळानं पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिना चढणाऱ्या प्रत्येक पोराला तो आकडा माहीत झाला. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांना आधी.

घरी जेवणाच्या टेबलावर त्या रविवारी ताटं मांडायला मामी गेल्या, तर तिथे एक लाकडाची फळी आडवी पडलेली. माळ्यावर अकरा वर्षं वाळत ठेवलेली. मामा तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत होते आणि कान लावून ऐकत होते.

"अहो," मामी म्हणाल्या, "आता ही कोण?"

"ही?" मामांनी भुसा नसतानाही सवयीनं फुंकर मारली आणि ताटासाठी फळी जराशी सरकवली. "ही आठवाली."